सुपारीच्या खोलीतली पिठं

५ नोव्हेंबर २०२४, दिवेआगर

दिवाळीचे पाहुणे आज दुपारी गेले. चादरी भिजत टाकल्या, खोल्या झाडल्या आणि आता मागच्या पडवीत बसून लिहिते आहे. डोक्यात एक गोष्ट आली आहे. कुणाला सांगण्याआधी ती कागदावर उतरवते, नाहीतर बोलताना माझी गडबड होते.

पुण्याचं एक कुटुंब आमच्याकडे खोली घेऊन राहिलं होतं. प्राप्तीताई, त्यांचे मिस्टर आणि मुलगी अमिषा, चौथीतली. गाडीतून आधी काय उतरलं, तर तवा, कुकर, चाळण आणि पिठांची पिशवी. मला वाटलं, काही सोवळंबिवळं असेल. तर तसं नाही. अमिषाला सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. गहू पोटात गेला की तिची आतडी बिघडतात. चिमूटभरसुद्धा चालत नाही.

मी म्हटलं, "मग काळजीच नको. आमच्याकडे नाश्त्याला घावन, जेवायला भाकरी. सगळं तांदळाचं."

प्राप्तीताईंनी विचारलं, "तांदूळ दळता कुठे?"

"गावच्या गिरणीत."

"त्याच गिरणीत आधी गहू दळलेला असतो ना?"

असतोच की. घाणा बदलताना थोडं पीठ मिसळतं हे आपण जन्मापासून बघतो, त्यात काही वावगं असेल असं कधी मनात आलं नाही. मग तीन दिवस प्राप्तीताई मागच्या चुलीवर खिचडी नाहीतर वऱ्याचा भात शिजवत राहिल्या. समुद्रावर येऊन त्या बाईने समुद्र किती पाहिला, देव जाणे. आणि सकाळी सगळे घावन आणि नारळाचा रस खात असताना अमिषा झोपाळ्यावर आमच्याकडे पाठ करून बसायची. हट्ट नाही, रडणं नाही. सवय झाल्यासारखी बसायची. ती पाठ काही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून वाटतंय, आपल्या घरात एक अशी जागा का करू नये, जिथली पिठं ह्या पोरीला डोळे मिटून खाता येतील? तांदूळ, नाचणी, वरी, सगळं इथलंच तर आहे. फक्त गव्हापासून लांब ठेवायचं. ठेवायचं कसं, ते शिकायचं.


९ नोव्हेंबर

सांगून टाकलं. जेवताना.

माझा नवरा सुजित म्हणाला, "वेगळं स्वयंपाकघर करायचं म्हणतेस?"

"वेगळी पिठं. आणि ती ठेवायला एक खोली."

खोलीचं नाव मी घेतलं नाही, पण सगळ्यांनी तिकडेच बघितलं. पडवीच्या टोकाची सुपारीची खोली. चक्रीवादळात आमच्या वाडीतली सुपारीची झाडं मोडून पडली तेव्हापासून ती रिकामी आहे. तरी आई, म्हणजे सासूबाई, रोज कुलूप उघडतात, झाडतात आणि परत कुलूप घालतात. वादळानंतर लावलेली रोपं आता माणसापेक्षा उंच झाली आहेत, त्यांच्यावर आईंची सगळी आशा.

आई म्हणाल्या, "पुढल्या साली धरतील झाडं. मग सुपारी काय डोक्यावर ठेवू?"

विषय तिथेच संपला.


१० नोव्हेंबर

सकाळी ओट्यावर खोलीची चावी ठेवलेली होती. आई चुलीशी बसल्या होत्या, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मागल्या भिंतीला ओल हाय. आधी चुना लाव."

मी आज दिवसभर गाणं म्हणते आहे.


१७ नोव्हेंबर

प्राप्तीताईंना रोज फोन. त्या बिचाऱ्या कंटाळत नाहीत, उलट त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त उत्साह आहे. कळलेल्या गोष्टी अशा की डोकं गरगरतं. लाकडी पोळपाट चालणार नाही, लाकडात जुनी कणीक मुरलेली असते. जुनी चाळण चालणार नाही. गव्हाचं पीठ हवेत उडतं आणि बराच वेळ खाली बसत नाही, म्हणून एकाच ओट्यावर दोन्ही मळणं नको. सुरमईला आपण रवा लावून तळतो, तो रवा म्हणजे गहूच. आणि सगळ्यात मोठा धक्का म्हणजे हिंग. बाजारच्या डबीतल्या हिंगात बांधणीला गव्हाचं पीठ असतं. डबी उलटी करून वाचलं, खरंच होतं. इतकी वर्षं फोडणीत घालते आहे, कधी वाचलं नाही.

खोलीला चुना लावून झाला. सुजितने भिंतीपासून वीतभर सोडून लोखंडी मांडणी उभी केली, म्हणजे ओल डब्यांपर्यंत येणार नाही. आमच्याकडे खारी हवा, पत्र्याचे डबे वर्षात गंजतात. म्हणून स्टीलचे घ्यायचे, घट्ट झाकणाचे.

दमले मात्र खूप. चुना लावताना दोनदा खाली बसावं लागलं. दवाखान्यात परत लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. त्या मी इतक्या खाल्ल्या आहेत की माझ्यात एव्हाना खिळा तयार व्हायला हवा होता, पण रक्त काही वाढत नाही. तोंड आलं आहे, पोटात डब्ब. लग्नाआधी माहेरी, तळ्याला असताना हे असलं काही नव्हतं. हे पाहुण्यांचं काम सुरू केल्यापासूनचं. सकाळ-संध्याकाळ परातभर कणीक मळायची, सगळ्यांचं झालं की उरलेल्या चपात्या चहाबरोबर खाऊन पुढच्या कामाला लागायचं. कष्ट आहेत, दुसरं काय. ते दोन वर्षांपूर्वीचं, पोटातलं राहिलं नाही ते, तेव्हाही डॉक्टर म्हणाले होते की बाई अशक्त आहे. तळ्याला माझी आईसुद्धा अशीच फिकट. आमच्याकडच्या बायका जातीच्याच अशक्त, असं म्हणून मी सोडून दिलं आहे.


२४ नोव्हेंबर

घरघंटीवरून भांडण. सुजितने म्हसळ्याच्या मावसभावाची जुनी घंटी ठरवली. मी म्हटलं, तिच्यात गहू दळलेला आहे, चालणार नाही. तो म्हणाला, धुऊन घेऊ. मी म्हटलं, घंटी धुता येत नाही. तो म्हणाला, "एका पोरीसाठी किती करायचं?" मी म्हटलं, "एक पोर तरी पोटभर जेवली तर तुमचं काय जातं?"

संध्याकाळी तो माणगावला फोन लावून नव्या घंटीची चौकशी करत होता. मी ऐकलं नाही असं दाखवलं.


३ डिसेंबर

घंटी आली. टेम्पोतून उतरवताना अर्धी आळी जमली होती. पहिला घाणा आमच्याच शेतातल्या तांदळाचा. पीठ हातात घेतलं तर ऊबदार. आईंनी त्यावर हळद-कुंकू वाहिलं आणि मग लांब जाऊन बसल्या, जणू त्यांचा ह्याच्याशी काही संबंध नाही.

आता मांडणी सांगते. लिहिताना हात थांबत नाही.

पीठ फार दिवस ठेवायचं नाही, धान्य ठेवायचं. खालच्या फळीवर तांदूळ आणि ज्वारी, कडक ऊन देऊन, डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून. मधल्या फळीवर नाचणी, वरी, राजगिरा, शिंगाडा. वरच्या फळीवर दळलेली पिठं, छोट्या छोट्या डब्यांत, लागेल तेवढीच. तांदळाचं पीठ बिनतक्रार टिकतं. नाचणीचंही बरं. बाजरीचं मात्र चार दिवसांत कडू पडतं, म्हणून बाजरी त्याच दिवशी दळायची आणि संपवायची. प्रत्येक डब्यात स्वतःचा चमचा, एकाचा दुसऱ्यात जायचा नाही. डब्यांच्या मुठीला रंगीत रिबिनी बांधल्या: तांदूळ पांढरी, नाचणी तांबडी, वरी पिवळी. दुसऱ्या कुणी डबा उघडला तरी चूक व्हायला नको. खोलीत शिरताना हात धुवायचे, पदर झटकायचा. आणि गहू ह्या उंबऱ्याच्या आत येणार नाही.

शेजारच्या केसरवहिनी चपात्या करायला येणार आहेत. त्या वाडीतल्या शेडमध्ये, तिथल्या चुलीवर करतील. कणकेचं परात-पोळपाट तिकडेच. माझे हात आता गव्हाला लागायचे नाहीत.


१३ डिसेंबर

रोज एक पीठ घेऊन बसते. भाकरी, थालीपीठ, घावन, नाचणीची तळलेली बोरं. जे बिघडतं तेही मीच खाते, जे जमतं तेही मीच खाते, त्यामुळे दुसरं काही खायला पोटात जागाच राहत नाही. राजगिऱ्याची भाकरी नुसती थापली तर मोडते, त्यात उकडलेला बटाटा घातला की जमते. शिंगाड्याचं पीठ एकटं खाल्लं तर घशाला चिकटतं. वरी आणि तांदूळ मिळून केलेली आंबोळी तर इतकी हलकी झाली की सुजितने न विचारता चौथी घेतली.

आणि एक गंमत. परवा वाडीतून नारळांची टोपली मी एकटीने उचलून आणली, मध्ये कुठेही न टेकता. सुजित बघतच राहिला. तोंडही बरं झालं आहे, तिखट खाता येतं. मनासारखं काम मिळालं की माणसाच्या अंगात बळ येतं, ते हे असं. लोहाच्या गोळ्यांना जमलं नाही ते घंटीने केलं, असं मी गमतीने म्हटलं. सुजित हसला. आई हसल्या नाहीत, माझ्याकडे बघत राहिल्या.


२६ डिसेंबर

प्राप्तीताईंची मंडळी आली. आधी वाईट ते लिहिते.

काल दुपारी जेवणाची पानं मांडली, सगळं सुपारीच्या खोलीतल्या पिठांचं, मी नुसती फुलून गेले होते. अमिषाच्या ताटात वरण वाढलं आणि डाव हातात असतानाच आठवलं. फोडणी सवयीने दिली होती. ओट्यावरच्या जुन्या डबीतला हिंग.

पोरीचा हात घासाकडे गेला होता. मी म्हटलं, "अमिषा, थांब. ते खाऊ नकोस." आणि सगळ्यांसमोर सांगितलं की वरणात गव्हाचा हिंग पडला, चूक माझी. ताट उचललं, वरणाचं पातेलं उचललं, मागे नेऊन ओतलं. वाटलं, संपलं. आता ही बाई आपला तवा काढणार.

प्राप्तीताई माझ्या मागोमाग आल्या. म्हणाल्या, "पूनम, आम्ही हॉटेलांत विचारतो तेव्हा सगळे म्हणतात, काही नाही हो, काही होत नाही. तू सांगितलंस. आता मी तुझ्या हातचं डोळे झाकून खाईन." आणि त्यांनी आपला तवा गाडीतून काढलाच नाही.

आता चांगलं. आज सकाळी घावन. अमिषा पानावर बसली, सगळ्यांबरोबर, त्याच परातीतून, त्याच रसात बुडवून. पहिला घावन संपला. दुसरा मागितला. तिसरा अर्धा खाल्ला, मग पोट धरून हसायला लागली, कारण नसताना. तिचे बाबा उठून बाहेर गेले आणि उगाच गाडीची काच पुसत बसले.

दुपारी तांदळाच्या पिठात घोळवलेली सुरमई. संध्याकाळी नाचणीची बोरं. पोर दिवसभर खातच होती आणि मी दिवसभर तळतच होते, तरी दमले नाही.

आई आणि प्राप्तीताई झोपाळ्यावर बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. मी गेले तशा गप्प झाल्या. सुनेचं गाऱ्हाणं पुण्यापर्यंत गेलं वाटतं.


२० जानेवारी २०२५

तळ्याला चुलतबहिणीच्या लग्नाला जाऊन आले. पुऱ्या, लापशी, जिलबी, मजा केली. आणि परत येताना एसटी थांबवून उतरावं लागलं. त्यानंतर दोन दिवस अंथरुणात. तेल खराब असणार, नाहीतर दृष्ट लागली. गावभर म्हणत होते ना, पूनमच्या अंगावर तेज आलंय म्हणून.

आईंनी विचारलं, "पुऱ्या किती खाल्ल्यास?"

मला असा राग आला. माणूस आजारी पडलंय आणि ह्या पुऱ्या मोजतात.


४ फेब्रुवारी

प्राप्तीताईंच्या ओळखीतून असाच आजार असलेल्या मंडळींचे फोन यायला लागले आहेत. ठाण्याचे एक आजोबा येऊन गेले. त्यांनी कित्येक वर्षांत बाहेर भाकरी खाल्ली नव्हती. मला खोली दाखवायला सांगितली आणि देवळात उभं राहावं तसे उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मला हसू आलं आणि थोडं रडूही.

आई मात्र माझ्या ताटावर नजर ठेवून असतात. काय घेतलं, किती घेतलं. कंटाळा आला ह्याचा.


११ फेब्रुवारी

आजचं लिहू नये असं वाटतं, पण लिहिते.

केसरवहिनी गेला आठवडा माहेरी होत्या. शेडमध्ये जाऊन चपात्या मीच केल्या आणि उरलेल्या नेहमीसारख्या मीच खाल्ल्या. परत तोंड आलं, परत पाय जड. कामाचा ताण. आज केसरवहिनी आल्या, दुपारी आम्ही बायका जेवायला बसलो. मी दोन चपात्या घेतल्या. आई उठल्या, माझ्या ताटातल्या दोन्ही चपात्या उचलल्या आणि बाहेर कोंबड्यांपुढे टाकल्या. केसरवहिनींच्या देखत.

मी हात धुऊन उठले. ह्या घरात पाहुण्यांसाठी मी राबते, आणि माझ्याच दोन चपात्या ह्यांना जड झाल्या. सुजितला सांगितलं तर तो म्हणतो, आईचं काहीतरी कारण असेल. त्याचं नेहमीचंच. उद्या तळ्याला जाते म्हणाले मी.


१२ फेब्रुवारी

गेले नाही.

सकाळी सुपारीच्या खोलीत नाचणी पाखडत होते. आई आल्या. उंबऱ्यावर थांबून त्यांनी हात धुतले, पदर झटकला, मग आत आल्या. माझेच नियम. खाली बसल्या.

"तुला वाटलं, तुझ्या तोंडचा घास काढला मी."

"काढलातच."

"व्हय, काढला." आई सुपातल्या नाचणीवरून हात फिरवत राहिल्या. "त्या पोरीच्या आयशीला मी इचारलं होतं. म्हटलं, गहू खाल्ला की तुझ्या पोरीला व्हतं तरी काय? ती सांगत गेली. पोट फुगतं, तोंड येतं, रक्त भरत न्हाय, औषध लागू पडत न्हाय. मी म्हटलं, हे तर आमच्या घरातच हाय."

मला काही कळेना. मी म्हटलं, "कोणाला?"

"कोणाला म्हंजे? घंटी आली, तू चपाती सोडलीस, तशी हरणावानी फिराय लागलीस. लग्नाला जाऊन आलीस, आडवी झालीस. केसर गावाला गेली, परत तोंड आलं. मी दोन म्हयने बघतेय. बोलले असते तर तू म्हटलं असतंस, म्हातारी कायबाय बोलते."

म्हटलं असतं, हे खरं.

"आणि मी तिला ते पण इचारलं," आई म्हणाल्या, "की ह्यानं पोटातलं पोर न्हाय ऱ्हायलं, असं व्हतं का. ती म्हणाली, व्हतं कधीकधी." त्यांचा आवाज तिथे बारीक झाला. "तवा मी तुला म्हटलं होतं, जपली न्हाईस म्हणून. ते माझ्या मनात बोचत ऱ्हायलं."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. सात वर्षांत पहिल्यांदा. नाचणी सगळी सांडली.


१९ फेब्रुवारी

पनवेलला पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो, तिघंही. आईंनी घर केसरवहिनींवर सोडलं, असं त्या कधी करत नाहीत.

बाईंनी सगळं ऐकलं. शंका बरोबर वाटते म्हणाल्या. पण मेख अशी की मी दोन-अडीच महिने बहुतेक गहू खाल्लेलाच नाही. असं असताना रक्त तपासलं तर आजार असूनही दिसणार नाही. नक्की कळायचं तर दीड महिना रोज गहू खायचा आणि मग तपासायचं.

आई म्हणाल्या, "आणि न तपासता सोडला तर?"

बाई म्हणाल्या, "बरं वाटेल. पण नक्की कळणार नाही, आणि हा जन्माचा नियम आहे. नक्की माहीत नसलं की माणूस एखाद्या लग्नात मोडतो."

मी लगेच हो म्हटलं. मला नाव हवं आहे. अशक्त, कामाचा ताण, दृष्ट, हे सगळं बास झालं. भीती वाटते, पण त्याहून जास्त काहीतरी उकळतंय आतून. इतकी वर्षं जे माझ्या स्वभावात आहे असं मला वाटत होतं, ते कदाचित नुसता आजार असेल. मग मी खरी कशी आहे?


२ मार्च

रोज दोन चपात्या. आई स्वतः वाढतात. ज्या हाताने काढल्या त्याच हाताने वाढतात आणि वाढून झालं की तिथे थांबत नाहीत, चुलीकडे तोंड करून बसतात.

मी गहू खाते म्हणून सुपारीच्या खोलीत पाऊल टाकत नाही, हे मीच ठरवलं. खोली आता आई आणि सुजित बघतात. काल ठाण्याचे आजोबा परत आले होते. आईंनी घावन घातले आणि मी बाहेरून, खिडकीतून, कुठला डबा ते सांगत होते. आई म्हणाल्या, "गप बस गो. म्हायती हाय मला."


१४ मार्च

काल होळी. पुरणपोळी खाल्ली, एक, डॉक्टरांच्या हुकमाने. सुजित म्हणाला, "नीट चव घेऊन खा. कदाचित शेवटची." मी चव घेऊन खाल्ली. तुपाची धार, वेलची, सगळं. मग पडवीत आडवी झाले. तोंडभर फोड, हाडं दुखतात, जिना चढवत नाही. पण आता ह्या दुखण्याकडे मी वेगळ्याच नजरेने बघते. ते काय करतं, कधी करतं, हे मला दिसतं. आधी ते मला दिसत नव्हतं, मीच त्याच्यात होते.


८ एप्रिल

रक्ताचा रिपोर्ट आला. मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडाही काढून तपासला. तेच आहे. सिलिअ‍ॅक.

सुजितने फोनवर ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं, आता ही रडेल म्हणून. मी उठले, हात धुतले, पदर झटकला आणि सुपारीच्या खोलीत जाऊन तांदूळ घंटीत ओतला.


१२ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा आजार घराण्यात चालत येतो, सख्ख्यांनी तपासून घ्यावं. तळ्याला फोन केला. माझी आई म्हणाली, "मला काय झालंय? मी तर जन्माची अशी." मी म्हटलं, "मीही हेच म्हणायचे." पुढच्या आठवड्यात तिला पनवेलला घेऊन जाते आहे. तिला सांगून ठेवलंय, तोवर चपाती सोडायची नाही.

घरात आता गहू नाही. शेडमधली परात केसरवहिनी घेऊन गेल्या, त्या आता भाकऱ्या थापायला येतात. पाहुण्यांपैकी एकाने चपाती मागितली. आई म्हणाल्या, "आमच्याकडे मिळत न्हाय. भाकरी खाऊन बघा." त्याने चार खाल्ल्या.


१८ मे

अमिषा आली आहे, पंधरा दिवसांसाठी, आईवडील सोडून गेले. कुठे तिला एकटीला ठेवलं असं हे पहिलंच, प्राप्तीताई गाडीत बसताना तीनदा परत फिरल्या.

मला काय झालंय ते तिला माहीत होतं, पण आल्या आल्या काही बोलली नाही. मुलं असतात तशी लाजली. आज दुपारी सगळे वाडीत होते आणि आम्ही दोघीच जेवायला बसलो. मी एरवी उभ्यानेच जेवायचे, आज मांडी घालून बसले. भाकरीत नाचणी थोडी जास्त झाली होती, काळपट दिसत होती.

ती म्हणाली, "मावशी, शाळेत डब्याच्या सुट्टीत सगळे एकमेकांना देतात. मला कुणी दिलेलं घेता येत नाही. आणि माझ्यातलं मी कुणाला दिलं की ते म्हणतात, हे आजाऱ्याचं आहे."

मी तिच्या ताटात कालवण वाढलं.

ती जरा वेळ जेवत राहिली. मग तिने आपल्या ताटातली भाकरी मोडली, अर्धी तिथे ठेवली, अर्धी माझ्यापुढे धरली. "घ्या," म्हणाली. "तुम्हाला चालते."

मी घेतली. तिच्याच कालवणात बुडवून खाल्ली, आणि मग माझ्यातली अर्धी तिला दिली.